दोन दवाखाने आणि सेल्मरचे पाय

"फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याला ठेवू द्यायचा. आणि समोरचा वयानं मोठा असेल, तर त्यानं ठेवल्यावरही जरा थांबायचं. न जाणो, त्याला काही आठवलं तर."

हे आमच्या आईचं वाक्य. लग्नाआधी ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, त्यामुळे फोनच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात दहा आज्ञांच्या खालोखाल. अकरावी आज्ञाच म्हणा. मी ती आजवर पाळत आले. सकाळी उठल्यावर बायबलमधला एक उतारा, मग आदल्या दिवशी ज्याचा राग आला असेल त्याचं नाव घेऊन प्रार्थना, आणि दिवसभर फोन आधी न ठेवणं, असे माझे तीन नेम. पहिला सोपा आहे. दुसऱ्यासाठी माणसं कधी कमी पडत नाहीत. तिसऱ्यापायी मात्र मिनेसोटातल्या आमच्या न्यू व्होस गावात गेल्या हिवाळ्यात एका सज्जन माणसाचं घर जायची वेळ आली.

मी डॉक्टर कॅस्टेलानोंच्या दवाखान्यात नर्स आहे. दवाखाना लहान, तेव्हा इंजेक्शन मी देते, बिलं मी करते आणि दारापुढचा बर्फही मीच ओढते. डॉक्टर मूळचे न्यू जर्सीचे. माणूस अगदी चांगला, फक्त जे मनात असतं तेच बोलतात. आमच्याकडे ही खोड लहानपणीच मोडतात, त्यांची राहून गेली.

एके दिवशी कसल्याशा परिषदेहून ते आले ते उत्साहानं फुलूनच.

"आर्डिस, ज्यांना दोन किंवा जास्त जुनी दुखणी आहेत, त्या सगळ्यांना आपण दर महिन्याला फोन करायचा. औषधं घेता का, साखर किती, पाय सुजतात का. महिन्यात वीस मिनिटं भरली की म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याकडे बिल लावता येतं."

"पण डॉक्टर, हे सगळं मी त्यांना विचारतेच की. चर्चमध्ये."

"चर्चमधल्याचं बिल लागत नाही."

देवाघरच्या गोष्टी फुकट आणि दवाखान्यातल्या विकत, हे मला पटण्यासारखं होतं. मी हो म्हटलं.

अट दोनच. पेशंटची संमती हवी, आणि एका महिन्यात एकाच दवाखान्याला हे बिल लावता येतं. डॉक्टरांनी स्वतः एकेकाला बोलावून हे नीट समजावलं आणि विचारलं, "तुम्हाला ही सेवा हवी आहे का?" संध्याकाळी ते डोकं धरून बसले होते. सगळ्या गावानं नको म्हटलं होतं.

"तुम्ही कितीदा विचारलंत?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

आता या माणसाला काय सांगणार? आमच्याकडे पहिला नकार ही रीत असते आणि दुसरा नकार म्हणजे वळण. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस बोलतो. पहिल्याच फटक्यात कॉफीला हो म्हणणाऱ्या पाहुण्याकडे आम्ही चमचे मोजायच्या नजरेनं बघतो. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसले. सुरुवात केली सेल्मर बाके यांच्यापासून.

सेल्मर आमचे निवृत्त पोस्टमन. हृदय अशक्त, साखर जास्त, आणि पाय सुजायचे. पण त्यांचं खरं दुखणं फिनिक्सला होतं. तिथे त्यांची मुलगी कारिन राहते. तिनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, यंदा पुन्हा हॉस्पिटलात गेलात तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं." सेल्मरचा नरकावर विश्वास आहे, आणि फिनिक्सच्या हवामानाचे आकडे ऐकल्यापासून तो कुठे आहे याबद्दलही त्यांची खात्री पटली होती. त्यांना मरायचं होतं ते आपल्या स्वयंपाकघरात, खिडकीतून बर्फ बघत, आणि तेही इतक्यात नाही.

"सेल्मर, दर महिन्याला तुमच्या तब्येतीसाठी फोन करू का?"

"नको गं पोरी, कशाला तुला त्रास."

मी साठी ओलांडलेली बाई, पण त्यांची पोरच.

"त्रास कसला त्यात? करते."

"अगं, तुला काय कामं कमी आहेत?"

"करू ना मग?"

"बरं, तुझ्या मनात असेल तर."

याला आमच्याकडे जोरदार होकार म्हणतात. संध्याकाळपर्यंत सगळं गाव माझ्या मनात असेल त्याला तयार झालं होतं. हा फोन एका वेळी एकाच दवाखान्याचा घेता येतो, हेही मी प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकजण "हं" म्हणाला. आमच्या गावात "हं" म्हणजे आवाज नीट येतोय.

फोन सुरू झाले. वीस मिनिटं काय, चुटकीसरशी भरतील असं डॉक्टरांना वाटत होतं. पण बिलात धरायची ती फक्त तब्येतीची मिनिटं, आणि न्यू व्होसमध्ये तब्येतीपर्यंत पोचायला आधी हवामान ओलांडावं लागतं. मग तळ्यावरचा बर्फ किती जाड झाला, पलीकडच्या ओल्सनांनी ट्रॅक्टर का विकला, आणि मग इतरांची दुखणी. इतरांच्या दुखण्यांवर माझी शेजारीण ऑर्फा तासभर बोलते. पण ऑर्फाच्या नावावर दुसरीचा गुडघा लावता येत नाही, ही या योजनेतली मोठीच त्रुटी आहे. शेवटी कधीतरी स्वतःच्या साखरेचा विषय निघाला की मी घड्याळाचं बटण दाबायची. आणि वीस मिनिटं भरली की खरी अडचण सुरू व्हायची.

"बरं तर मग, सेल्मर."

"हो, बरं तर."

"ठेवा तुम्ही."

"नाही नाही, तू ठेव."

"तुम्ही मोठे. ठेवा तुम्ही."

"बाईमाणसानं आधी."

मग दोघंही गप्प. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि मधूनच सपाता घासल्याचा आवाज. मग त्यांना ओल्सनांचा ट्रॅक्टर पुन्हा आठवायचा.

महिना संपला, मी मोठ्या अभिमानानं बिलं पाठवली, आणि निम्मी परत आली. "या पेशंटला या महिन्यात ही सेवा दुसऱ्या दवाखान्याने दिलेली आहे." सेल्मर, ऑर्फा, चर्चचे ऑर्गनवाले, सगळे. मी वाचून गारच झाले. दुसऱ्यानं दिली, तर मग मी काय दिलं? ओल्सनांच्या ट्रॅक्टरबद्दल जे ऐकून घेतलं ते कोणाच्या खात्यात?

विम्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर रोवेना नावाची बाई आली. फार गोड बोलायची. तिनं समजावलं की दोन्ही दवाखान्यांकडून बिल आलं तर जे आधी पोचेल ते धरतात. दुसरा दवाखाना कोणता हे ती सांगू शकत नव्हती. पेशंटनंच एक निवडून दुसऱ्याला तसं तोंडानं सांगायचं असतं.

"आणखी काही मदत करू शकते का?" तिनं विचारलं.

"नाही, आभारी आहे. ठेवा तुम्ही."

"आम्हाला आधी ठेवायची परवानगी नाही, मॅडम."

"मलाही नाही," मी म्हटलं.

थोडा वेळ आम्ही एकमेकींचा श्वास ऐकला. मग तिनं विचारलं की तिकडे थंडी कशी आहे. तिची कामाची वेळ संपून तिच्या साहेबानं फोन काढून घेईपर्यंत मी तिला हॉटडिशची, म्हणजे आमच्याकडच्या खिमा-बटाटे घालून भाजलेल्या पदार्थाची, कृती सांगितली होती आणि तिनं मला तिच्या सासूबद्दल बऱ्याच गोष्टी. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत मी त्या सासूचं नाव घेतलं. राग मलाही आला होता.

दुसरा दवाखाना कोणता, याचा उलगडा ऑर्फानं केला, कुंपणावरून.

"अगं, लाव्हॉन. ती नाही का, हार्ट क्लिनिकमध्ये लागली. ती पण करते फोन. किती छान बोलते."

"मग तू तिला सांगितलं नाहीस, की आर्डिस मला करते म्हणून?"

"कसं सांगणार बाई? तिनं तिसऱ्यांदा विचारलं!"

लाव्हॉन रिग चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी राहते. तिच्या रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आमच्या आईच्या कृतीच्या आहेत. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून सगळ्या गावाला माहीत आहे. शहरातल्या मोठ्या हृदयवाल्यांनी आमच्या जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत शाखा काढली आणि तिला तिथे नर्स म्हणून घेतलं. रविवारी सराव संपल्यावर मी तिला गाठलंच.

"कामात असशील ना गं हल्ली?" मी विचारलं.

"असते बाई. फोन फार असतात. तुझं?"

"मलाही असतात."

"बरंय मग."

"हो, बरंच आहे."

पुढच्या बाकावरच्या दोघीजणी कोट न घालताच बाहेर गेल्या. आमच्या गावात इतकं कडाक्याचं भांडण बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

ऑर्फाचा सल्ला साधा होता, "आधी पोचेल त्याचं धरतात ना? मग तू आधी कर." झालं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी दवाखाना उघडायच्या आधीच फोनला बसले. लाव्हॉनला कळलं, तिनं न्याहारीची वेळ धरली. मी उजाडायची वेळ धरली. अशानं गावातल्या म्हाताऱ्यांना एक तारखेचं भय वाटायला लागलं. ऑर्गनवाले तर दात लावायच्या आतच दोन नर्सना आपली साखर सांगून बसायचे. माझ्या सकाळच्या प्रार्थनेत लाव्हॉनचं नाव इतक्या वेळा आलं, की देवाला ती माझी जवळची मैत्रीण वाटली असणार.

आणि सेल्मरचे पाय सुजतच होते. सूज दिसली म्हणून डॉक्टर कॅस्टेलानो म्हणाले, "यांना दर आठवड्याला फोन करत जा," आणि पाण्याची गोळी सुरू केली. म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी. तरी सूज हटेना. मी नेहमी विचारायची, "आणखी कोणती औषधं घेता का, सेल्मर?" ते म्हणायचे, "ते काय गं, नेहमीचंच." एका दवाखान्याच्या गोष्टी दुसऱ्याला सांगणं त्यांना चहाडी वाटे. पोस्टात उभी हयात घालवून त्यांनी कोणाचं पत्र कोणाला दाखवलं नव्हतं, ते आता गोळ्या काय दाखवणार?

हे प्रकरण चर्चपर्यंत गेलं. आमच्या पास्टरबाई तरुण आहेत, त्यांना वाटतं बोलून प्रश्न सुटतात. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालू असताना त्यांनी मला आणि लाव्हॉनला पुढे उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "प्रत्येकानं आपली एक नर्स निवडा. हात वर करा. आर्डिसच्या बाजूचे?"

सगळ्यांनी कपात बघितलं.

"लाव्हॉनच्या बाजूचे?"

कपातली कॉफी फारच बघण्यासारखी असावी.

"सेल्मर, तुम्ही सुरुवात करा," पास्टरबाई म्हणाल्या.

सेल्मर उठून उभे राहिले. "दोघीही चांगल्या आहेत," ते म्हणाले. "ज्यांना सोयीचं पडेल त्यांनी फोन करावा."

मग पास्टरबाईंनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या, उघडल्या. बहुतेकांवर दोघींची नावं होती, बारीक अक्षरात, शेजारी शेजारी, म्हणजे वरखाली नको. एकीवर "वड्या छान होत्या" असं होतं. वड्या लाव्हॉननं आणल्या होत्या. ती चिठ्ठी मी अजून विसरलेले नाही.

मार्चच्या एक तारखेला मी सेल्मरना फोन लावला तेव्हा बाहेर पुरतं उजाडलंही नव्हतं. हवामान झालं, ट्रॅक्टर झाला. आवाज जरा खोल वाटला, म्हणून मी पाण्याच्या गोळीबद्दल विचारलं.

"घेतो गं. नेमानं घेतो. फक्त जरा... भिंत हलल्यासारखी..."

मग धप्प. मग रिसीव्हर भिंतीवर आपटल्याचा आवाज, टक, टक, टक, हळूहळू कमी होत गेलेला. मग नुसतं घड्याळ.

"सेल्मर?" मी म्हटलं. "सेल्मर, तुम्ही ठेवलात का?"

त्यांनी ठेवला नव्हता. तोच तर घोळ होता. त्यांनी ठेवला नव्हता, दवाखान्यात लाइन एकच, मोबाइल मी बाळगत नाही, आणि कुणालाही बोलवायचं तर मला आधी फोन ठेवावा लागणार होता. मी तशीच धरून थांबले. किती वेळ थांबले ते देवाला माहीत, आणि मी त्याला विचारलेलं नाही. आई जणू समोरच उभी होती, तिच्या एक्स्चेंजमधल्या कॉलरच्या ड्रेसमध्ये. मग मी तिला म्हटलं, "बाजूला हो," आणि ठेवला. जन्मात पहिल्यांदा.

ॲम्ब्युलन्सला कळवलं. मग लाव्हॉनला लावला, कारण तिचा दवाखाना सेल्मरच्या घरासमोरच आहे. एंगेज. पुन्हा लावला. एंगेजच. बाई नेमकी त्याच वेळी सेल्मरना फोन लावत होती! मी कोट अडकवला आणि गाडी काढली.

सेल्मरच्या पायऱ्यांवर पोचले तर समोरून लाव्हॉन येत होती, डोक्याला रोलर, पायात बर्फाचे बूट.

"त्यांचा फोन कधीचा एंगेज लागतोय," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, कोण इतकं बोलतंय ते बघावं तरी."

"ते पडलेत."

दोघी दाराशी. दार उघडंच असतं. लाव्हॉन थांबली.

"जा तू आधी."

"नाही, तू जा. तुझा दवाखाना जवळ."

"अगं, तुझा फोन होता."

"तरी पण, तू..."

"एकीनं या गं!" आतून जमिनीवरून आवाज आला. "दोघींची काय गरज आहे!"

सेल्मर बाके यांनी हयातीत व्यक्त केलेलं हे पहिलं मत. आम्ही दोघी एकदमच आत घुसलो आणि दारात अडकलो.

ते फ्रिजपाशी पडले होते, ओठ कोरडे, डोळे उघडे, आणि आम्हाला बघून उठायची धडपड करत होते. मी त्यांना दाबून धरलं. लाव्हॉननं नाडी बघितली आणि तिची नजर खिडकीकडे गेली. तिथे गोळ्यांच्या दोन बाटल्या होत्या.

"ही पिवळी कोणाची?" तिनं विचारलं.

"आमची. पाण्याची गोळी. आणि ती पांढरी?"

"आमची," ती म्हणाली. "पाण्याचीच."

"सेल्मर, तुम्ही दोन्ही घेता?"

"एकीची घ्यायची आणि दुसरीची नाही," ते क्षीणपणे म्हणाले, "बरं दिसलं नसतं."

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात त्यांना सलाइन लावलं. दोन गोळ्यांनी त्यांना वाळवून टाकलं होतं, लोणच्याच्या फोडीसारखं. तिथला डॉक्टर त्यांचे पाय दाबून बघत होता. अंग कोरडं आणि पाय सुजलेले, हे त्याला जुळेना.

"तुम्ही फार वेळ उभे असता का?"

"छे. आता काय काम आहे मला? फक्त फोनवर असतो उभा."

"फोनवर उभे का?"

"बाईमाणूस बोलत असताना बसायचं नसतं," सेल्मर म्हणाले. "आईनं शिकवलंय."

त्यांचा फोन जुना, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा. आठवड्याला माझा फोन, आठवड्याला लाव्हॉनचा, तासतासभर. त्यांचे पाय सुजले म्हणून आम्ही फोन वाढवले होते, आणि आम्ही फोन वाढवले म्हणून ते जास्त उभे राहिले होते. त्या सपातांचा आवाज मी हिवाळाभर ऐकत होते. मला वाटायचं, म्हातारा चुळबुळ करतो.

"अहो, मग ठेवायचात ना फोन!" मी म्हटलं. मी आवाज चढवत नाही, पण तेव्हा जरासा चढला.

"कसा ठेवणार? तू एकटी असतेस. तुझा नवरा गेला, नॉर्मन, तेव्हापासून ऑर्फा सगळ्यांना सांगते, बिचारीला बोलायला कोणी नाही, फोन आला तर बोलू द्या तिला."

लाव्हॉन खिडकीबाहेर बघून गालातल्या गालात हसायला लागली.

"आणि लाव्हॉनचा नवरा तिला सोडून गेला," सेल्मर पुढे म्हणाले, "तर तिलाही..."

लाव्हॉनचं हसू थांबलं.

तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघी बसून राहिलो. ज्यांची काळजी घेतो म्हणून आम्ही पहाटेपासून एकमेकींवर कुरघोडी करत होतो, ते अख्खं गाव आळीपाळीनं आमची काळजी घेत होतं. दात लावायच्या आत. पायांवर उभं राहून. आणि वर बिल आम्ही लावत होतो.

तेवढ्यात कारिनचा फिनिक्सहून फोन आला. नर्सनं फोन सेल्मरच्या कानाशी धरला तर ते पलंगावरून उठायला लागले. मुलगी झाली तरी बाईमाणूसच. त्यांना परत झोपवलं.

"बाबा, आता पुरे," कारिनचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "मी घराच्या दलालाशी बोलते आजच."

सेल्मरनी माझ्याकडे बघितलं. पोस्टमनच्या नोकरीत त्यांनी कितीतरी दारांवर वाईट बातम्या पोचवल्या असतील. आज ते दार आपलंच निघालं, अशी ती नजर होती. मग मी आमच्या गावात कोणी करत नाही ते केलं. दुसऱ्याचा फोन हातात घेतला.

"कारिन, मी आर्डिस. चूक सेल्मरची नाही, आमची आहे. दोन दवाखान्यांनी मिळून एका माणसाला आजारी पाडलं. आम्हाला ईस्टरपर्यंत वेळ दे. पाय उतरले नाहीत, तर मी स्वतः त्यांची बॅग भरीन."

"ईस्टरपर्यंत," कारिन म्हणाली. "एक दिवस जास्त नाही. आणि त्यांचे फोन आणि गोळ्या यापुढे एकाच माणसाकडे."

आता निवडणं आलं. सेल्मरनी छताकडे बघितलं, सलाइनकडे बघितलं, आमच्या दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथून कोणी उत्तर देईना तेव्हा म्हणाले, "लाव्हॉन. दुखणं हृदयाचं आहे, म्हणून गं."

बरोबरच होतं. मीही तेच सांगितलं असतं. तरी लागलं मला. इतक्या वर्षांत या गावात कोणी कोणाला असं तोंडावर नाकारलं नव्हतं, आणि सुरुवात माझ्यापासून झाली.

बाकीच्यांचा प्रश्न आम्ही हॉस्पिटलच्या पुचाट कॉफीवर सोडवला. युक्ती लाव्हॉनची. "त्यांना निवडा म्हणून विचारायचंच नाही," ती म्हणाली. "साखरवाल्यांना मी सांगते, तुम्ही मला सोडलंत तर माझ्यावर मोठे उपकार होतील. हृदयवाल्यांना तू सांग." उपकार करायला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. ऑर्फानं तर लाव्हॉनला अशा आनंदानं सोडलं, की लाव्हॉनला राग आला. "उद्याच्या प्रार्थनेत हिचं नाव घे," ती मला म्हणाली. माझा तो नेम तिला कसा कळला, कोण जाणे. बहुतेक तिचाही तोच असावा.

सेल्मरना घरी सोडायच्या आधी लाव्हॉननं बजावलं, "उद्या नऊला मी फोन करणार. पांढरी गोळी घ्यायची, पिवळी नाही. आणि बसून बोलायचं."

"ते जमायचं नाही," सेल्मर म्हणाले. "गोळीचं ठीक आहे. पण आईला मी वर जाऊन काय तोंड दाखवू?"

लाव्हॉननं माझ्याकडे बघितलं. आईला काय तोंड दाखवू, या विषयात मी नुकतीच पास झाले होते. जरा विचार केला.

"सेल्मर, उंच स्टुलावर बसलं तर?"

"म्हणजे?"

"पाय खालच्या दांडीवर. ते काही बसणं नाही. आणि उभं राहणंही नाही. नुसतं टेकणं."

त्यांनी या मुद्द्याचा बराच वेळ धर्मशास्त्राच्या अंगानं विचार केला. "टेकायला आईची हरकत नसे," शेवटी म्हणाले. "कुंपणाला ती पण टेकायची."

"नॉर्मनचं एक आहे गॅरेजमध्ये. तुमच्या फोनच्या उंचीचं. उद्या सकाळी आणून देते."

"नको गं पोरी, कशाला तुला त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"अगं, बर्फ किती पडलाय!"

"आणते म्हटलं ना."

"बरं," सेल्मर म्हणाले. "तुझ्या मनात असेल तर."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जरा उशिरा येईन असं डॉक्टरांना कळवलं आणि कारणही सांगितलं. ते खूश झाले. "छान! याचं बिल कोणत्या खात्याखाली लावायचं?" मी म्हटलं, "स्टुलाला खातं नसतं, डॉक्टर. आणि सेल्मर आता आपल्याकडे नाहीत." ते म्हणाले, "जपून जा. घसरडं आहे."

सकाळचा उतारा वाचला. प्रार्थनेत सेल्मरचं नाव घेतलं, कारण खरं सांगायचं तर थोडा राग होताच. गॅरेजमधून स्टूल काढलं, पुसलं, एक पाय डगमगत होता त्याखाली पुठ्ठा ठोकला. नॉर्मन त्यावर बसून तासनतास रेडिओ उघडायचा आणि मी विचारलं की म्हणायचा, "बसलो कुठे आहे? काम करतोय."

निघणार तेवढ्यात फोन वाजला. ऑर्फा.

"अगं, स्टूल कुठे नेतेस? मला खिडकीतून दिसतंय. सेल्मरकडे का? आणि ऐक ना, ओल्सनांनी ट्रॅक्टर परत विकत घेतला..."

"ऑर्फा," मी म्हटलं, "मी ठेवते हं."

"काय करतेस?"

मी ठेवला. नऊला सेल्मरना लाव्हॉनचा फोन यायचा होता. स्टूल काखेत मारलं, दार ओढून घेतलं आणि बर्फातून जपून पावलं टाकत सेल्मरच्या घराकडे निघाले.